शिवराईत ‘एरर’ नसते : बँकेतल्या सुट्ट्या पैशांपासून दाभोळच्या लारीपर्यंत

१/ जुन्या नाण्यांच्या बाजारात सध्या एका शब्दाची मोठी चलती आहे : ‘एरर’. ठसा सरकलेला रुपया ‘एरर’. टांकसाळीची खूण नसलेले पाचाचे नाणे ‘एरर’. ‘शिव’ऐवजी ‘शीव’ कोरलेली शिवराईसुद्धा ‘एरर’. यांपैकी पहिल्यात खरोखर चूक असते. दुसऱ्यात ती नसते. तिसऱ्यात ती असूच शकत नाही. हा धागा त्या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे, कारण त्यात पैसा एकाचा बुडतो आणि इतिहास सर्वांचा.

२/ आधी खऱ्या चुकांविषयी. अमेरिकेत बँकेतून पेनींच्या कागदी गुंडाळ्या आणायच्या, एकेक नाणे भिंगाखाली पाहायचे आणि उरलेली परत करायची, हा अनेक दशकांचा छंद आहे. त्याला आधारही भक्कम आहे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका ठशावर मूळ आकृती दोनदा उमटली, आणि दोन्ही वेळा किंचित वेगळ्या कोनात. त्या ठशाने पाडलेल्या पेनींवर सालाचे आकडे आणि अक्षरे उघड्या डोळ्यांना दुहेरी दिसतात. अशी वीस हजारांहून अधिक नाणी चलनात गेली.

३/ त्यांतली बरीच नाणी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती पडली, असे संग्राहक सांगत आले आहेत. पाकिटाची किंमत तेवीस सेंट, यंत्रात टाकायचे नाणे पंचवीस सेंटचे. म्हणून उरलेल्या दोन पेनी पाकिटाच्या वेष्टनातच घातलेल्या असत. रोजच्या सुट्ट्या पैशांत दुर्मीळ वस्तू दडलेली असू शकते, ही कल्पना अशा घटनांतून रुजली. ती कल्पना खोटी नाही.

४/ दुसरे उदाहरण ब्रिटनचे. २००८ मध्ये वीस पेन्सच्या नाण्याची रचना बदलली आणि साल मागच्या बाजूवरून राणीच्या मुखवट्याच्या बाजूस आले. टांकसाळीत मुखवट्याचा जुना ठसा आणि मागच्या बाजूचा नवा ठसा एकत्र बसवले गेले. परिणाम असा की दोन्हीपैकी एकाही बाजूवर साल नाही. दोन न जुळणाऱ्या ठशांच्या अशा संकराला नाणेसंग्राहक ‘म्यूल’, म्हणजे खेचर म्हणतात.

५/ या दोन्ही उदाहरणांत ‘चूक’ हा शब्द नेमका बसतो. का बसतो, हे समजून घेणे पुढच्या युक्तिवादासाठी आवश्यक आहे. यंत्रयुगातील टांकसाळीत नाण्याचा नमुना आधी ठरतो : व्यास, वजन, धातू, अक्षरांची जागा, काठ. पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापल्या जातात, चकती कड्यात बसते, वरचा आणि खालचा ठसा तिच्यावर प्रचंड दाबाने आदळतात. लाखो नाणी हुबेहूब एकसारखी निघावीत, हेच या व्यवस्थेचे ध्येय.

६/ म्हणूनच या व्यवस्थेतील प्रत्येक बिघाड ओळखता येतो. पत्र्याला आधीच पडलेल्या भोकावर कापणी झाली, तर चकतीचा काठ चंद्रकोरीसारखा खाल्लेला निघतो. चकती कड्यात नीट बसली नाही, तर चित्र एका बाजूस सरकते. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्यावर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. ठशाला तडा गेला, तर नाण्यावर बारीक उंचावलेली रेघ येते. नमुना निश्चित असतो, म्हणून चुकीला अर्थ असतो.

७/ बँकेतून आलेल्या पिशवीतली नाणी कुतूहलाने पाहणाऱ्या तरुणाची थट्टा करण्याचे काहीच कारण नाही. टांकसाळीतले काम कसे चालते, हे अशा सदोष नाण्यावरून जितके कळते तितके निर्दोष नाण्यावरून कळत नाही. आक्षेप या निरीक्षणावर नाही. निरीक्षणाच्या जागी लॉटरीचे तिकीट ठेवणाऱ्या बाजारावर तो आहे.

८/ भारतीय उदाहरण पाहा. आपल्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते : मुंबईचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते. कोरी जागा हीच कोलकात्याची ओळख. तरीही ‘खूण विसरलेले दुर्मीळ नाणे’ म्हणून कोलकात्याची सरळसाधी नाणी विकली जातात. देशातील एका प्रमुख टांकसाळीचे अवघे उत्पादनच या हिशेबाने ‘एरर’ ठरते!

९/ काही नाण्यांवर यांहून वेगळ्या खुणा दिसतात आणि त्यांचाही असाच गवगवा होतो. त्यामागचे कारण मात्र वाचण्यासारखे आहे. सुट्ट्या नाण्यांच्या टंचाईमुळे भारत सरकारने १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून घेतली. बर्मिंगहॅम, मॉस्को, मेक्सिको, स्लोव्हाकियातील क्रेम्निका यांच्या खुणा आपल्या रुपयांवर त्यामुळे आल्या. पानवाला सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर ठेवत असे, त्या टंचाईचा हा धातूतला दस्तऐवज. बाजार त्याला ‘विचित्र नाणे, किंमत विचारा’ एवढ्यावर आणून ठेवतो.

१०/ यापुढची पायरी सरळ फसवणुकीची. श्रीमाता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ मध्ये काढलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला : जुनी नाणी आणि नोटा विकून देतो असे सांगून बँकेच्या नावाने शुल्क, दलाली वा कर मागणाऱ्यांशी व्यवहार करू नये, बँक असले व्यवहार करत नाही.

११/ इथपर्यंतचे नुकसान पैशाचे आहे आणि सावध माणूस ते टाळू शकतो. खरे नुकसान तेव्हा सुरू होते, जेव्हा यंत्रयुगातील ही ‘एरर’ची पट्टी हाताने पाडलेल्या नाण्यांवर लावली जाते. ही पट्टी किती निरुपयोगी आहे, हे पाहण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

१२/ दापोली तालुक्यातील दाभोळ हे मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. इराणी आणि अरबी व्यापाऱ्यांच्या या किनाऱ्यावर एक चमत्कारिक नाणे चाले : लारी. इराणातील लार या गावावरून तिला हे नाव पडले. ती गोल नव्हे, चपटीही नव्हे. मधोमध दुमडलेली चांदीची जाड तार, वजन सुमारे पाच ग्रॅम. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाच्या (कारकीर्द १६५६ ते १६७२) नावाच्या लारी आजही संग्रहांत आहेत.

१३/ आता गंमत अशी की लारीवर मारायचा ठसा तारेपेक्षा रुंद असे. तारेवर मजकुराची एखादी पट्टीच उमटे, उरलेला मजकूर हवेत जाई. म्हणजे एकाच लारीवर संपूर्ण लेख मिळणे जवळजवळ अशक्य. अभ्यासक अनेक लारी शेजारी मांडून तुकड्यातुकड्याने तो लेख जुळवतात. आजच्या बाजाराच्या व्याख्येनुसार मग प्रत्येक लारी ‘ठसा सरकलेली’ आहे. जी व्याख्या नाण्याच्या एका संपूर्ण जातीलाच सदोष ठरवते, ती व्याख्याच सदोष मानावी लागते.

१४/ लारीकडून शिवराईकडे येऊ. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही शिवछत्रपतींची नाणी. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. फारसी लेखांच्या जगात नागरी अक्षरांत लिहिलेले हे तांब्याचे नाणे पुढे दीर्घकाळ पाडले जात राहिले, आणि मराठेशाही संपल्यावरही महाराष्ट्राच्या बाजारात ते चालत होते.

१५/ या शिवरायांवर ‘शिव’ आहे, ‘शीव’ आहे, ‘सिव’ही आहे. ‘पति’ आहे, ‘पती’ आहे. अक्षरांची मांडणी, रेघांची संख्या, ठिपक्यांची जाडी, वजन, सारेच बदलते. विक्रेते यातला एक प्रकार ‘बरोबर’ मानतात आणि बाकीचे ‘एरर’ म्हणून चढ्या भावाने विकतात. प्रश्न असा : बरोबर कोणत्या नियमाने?

१६/ ऱ्हस्व-दीर्घाचे जे नियम शाळेत शिकवले जातात, ते शिवकाळाला ठाऊक नव्हते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रथम छापले गेले १८३६ साली. छापखाने, शाळाखाते आणि क्रमिक पुस्तके यांच्याबरोबर शुद्धलेखन स्थिरावले. त्याआधी दैनंदिन कारभार मोडीत चाले, आणि मोडीत ‘इ’कार लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. अशा जगातल्या ठसे कोरणाऱ्या कारागिराला १८३६ नंतरच्या व्याकरणाने नापास करणे म्हणजे कालविपर्यास. इतिहासाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही असे करणार नाही.

१७/ दुसरे, शिवरायांची टांकसाळ म्हणजे एकाच छताखालचा कारखाना नव्हे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी या विषयावर १८९९ मध्ये निबंध लिहिला. पेशव्यांच्या दप्तरातील नोंदींच्या आधारे त्यांनी दाखवले की टांकसाळ चालवण्याचे परवाने फी घेऊन खाजगी लोकांना दिले जात. ठिकाणे अनेक, कारागीर अनेक, काळ दीडशे वर्षांचा. हा सारा पसारा एकाच नमुन्याबरहुकूम असावा, ही अपेक्षा यंत्रयुगाची आहे.

१८/ म्हणूनच ‘शीव’ आणि ‘शिव’ यांतला फरक ही चूक नसून खूण आहे. कोणती अक्षररचना कोणत्या वजनाबरोबर येते? कोणत्या मुलखात ती अधिक सापडते? एकच ठसा दोन गावांच्या नाण्यांवर दिसतो का? या प्रश्नांतून टांकसाळींचा नकाशा उभा राहू शकतो. वेगळ्या अक्षराला ‘एरर’ म्हटले की यातला एकही प्रश्न विचारला जात नाही.

१९/ त्या काळचे लोक नाणे कसे पारखत, हेही पाहावे. नाणे वाजवून, कसाला लावून आणि तोलून पाहणारा अधिकारी म्हणजे पोतदार. त्याचा हुद्दा आज आडनावात जिवंत आहे. ‘नाणे खणखणीत आहे’, ‘वाजवून घेतले’ हे वाक्प्रचार त्याच व्यवहारातले. पोतदाराच्या तराजूत ऱ्हस्व-दीर्घाला वजन नव्हते. धातूचा कस आणि तोल भरला की नाणे चालले.

२०/ याची साक्ष खुद्द महाराजांच्या राजनीतीत मिळते. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडनने इंग्रजांच्या मागण्या मांडल्या. एक मागणी राजापूरच्या लुटलेल्या वखारीच्या भरपाईची होती. राजापूर आज रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. दुसरी अशी की इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत. उत्तराचा आशय असा होता : अमुक नाणे घ्याच, अशी रयतेवर सक्ती करता येणार नाही, कस आणि वजन चांगले असेल, तर लोक ते आपणहून घेतील. नाण्याचे मोल कशात असते, याची इतकी स्वच्छ समज १६७४ मध्ये होती.

२१/ यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. ‘नावात काय आहे? एरर म्हणून का होईना, भाव मिळतो म्हणून लोक शिवराई जपतात. नाहीतर ती तांबटाच्या भट्टीत गेली असती.’ यात तथ्य आहे. संग्राहकांनी जपले नसते तर कितीतरी नाणी आज नसती, आणि मराठी नाण्यांवरचा पुष्कळ अभ्यास संग्राहकांनीच केला आहे.

२२/ परंतु भाव एका नाण्याला मिळतो, माहिती सबंध संचयात असते. मडक्यात पुरलेली दोनशे नाणी सापडली की बाजार त्यांतली दहा ‘एरर’ वेचतो आणि उरलेली वजनावर जातात. गाव कोणते, खोली किती, कोणत्या नाण्याबरोबर कोणते होते, सारे पुसले जाते. कोणत्या काळी काय चालत होते आणि ते कधी पुरले गेले, हे सांगण्याची शक्ती त्या संचयाच्या एकत्र असण्यात होती.

२३/ त्यात भर पडते ती स्वच्छतेच्या हौसेची. कोकणातल्या घरात तांब्याची भांडी चिंचेने, आमसुलाने लखलखीत केली जातात; तोच उपाय शिवराईवर केला जातो. आम्लाने तीनशे वर्षांचा थर जातो, त्याबरोबर अक्षरांच्या कडा झिजतात, वजन घटते. मग त्याच झिजलेल्या, अर्धवट राहिलेल्या अक्षराला ‘एरर’ म्हणून विकायला ठेवले जाते.

२४/ सगळा दोष हौशी संग्राहकांच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. भारतीय निखात निधी कायदा १८७८ सालचा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. सरकारने तो ठेवा घ्यायचे ठरवले, तर मोबदला किती? धातूचे मूल्य आणि त्यावर एक पंचमांश. सोन्याच्या होनाला हे एकवेळ परवडेल. तांब्याच्या शिवराईसाठी याचा अर्थ भंगाराचा भाव आणि वर थोडी बक्षिसी.

२५/ एखाद्या शेतकऱ्याने प्रामाणिकपणे खबर द्यावी आणि हाती तांब्याची किंमत घेऊन घरी जावे, अशी ही व्यवस्था. सापडलेली वस्तू गुपचूप विकली जाते, यात नवल ते काय? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्याने संग्रहालयाने घेतलेल्या ठेव्याचा मोबदला बाजारभावाने ठरतो, आणि कायद्याच्या कक्षेत न येणारी फुटकळ नाणीही स्वेच्छेने नोंदवण्याची सोय १९९७ पासून आहे. ज्या सत्तेने भारताला १८७८ चा कायदा दिला, तिने स्वतःच्या देशात तो विचार मागे टाकला. आपण तो जपून ठेवला आहे.

२६/ शिवरायांच्या नावाने घोषणा देणाऱ्या समाजाने शिवराईसाठी धातूच्या भावाचा कायदा चालवून घ्यावा, ही लाजिरवाणी विसंगती आहे. पुतळ्यांच्या उंचीवर होणाऱ्या चर्चेचा शतांश जरी या कलमावर झाला, तरी पुष्कळ साधेल. मागणी साधी आहे : मोबदला ऐतिहासिक मूल्यावर ठरावा, आणि जिल्हा पातळीवर नाणे दाखवून नोंदवता यावे, तेही जप्तीच्या भीतीशिवाय.

२७/ कायदा बदलेपर्यंत तरुण अभ्यासकांच्या हाती काय आहे? बरेच काही. घरात आजोबांच्या डबीत शिवराई असेल, तर ती धुवू नये. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, शेजारी पट्टी ठेवावी. वजन ग्रॅमच्या दशांशापर्यंत नोंदवावे. कोणाकडून, कोणत्या गावातून आली, हे आजीला विचारून आजच लिहून ठेवावे. ती आठवण नाण्याहून लवकर नाहीशी होते. जमिनीत ठेवा सापडला तर तो न विखुरता जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते : ते देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. विकत घेण्याआधी हे ठाऊक असावे.

२८/ आणि बँकेतून आणलेली सुट्ट्या पैशांची पिशवी? ती अवश्य उघडावी. हिरा, तारा, ठिपका आणि कोरी जागा वेगवेगळ्या करून मोजाव्यात. रत्नागिरीच्या बाजारात कोणत्या टांकसाळीची नाणी अधिक फिरतात, हे पाहावे. सरकलेला ठसा मिळाला, तर टांकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर तो सरकला असेल, याचा विचार करावा. यंत्राने पाडलेल्या नाण्यांत चूक शोधणे योग्यच आहे. हाताने पाडलेल्या नाण्यांत मात्र हात शोधावा : ‘शीव’ कोरणारा आणि ‘शिव’ कोरणारा हे दोन वेगळे कारागीर असू शकतात, आणि त्यांच्या नावांचा तेवढाच मागमूस आज उरला आहे.

(धागा समाप्त. घरातील शिवराईची नोंद केली असल्यास वजन, अक्षररचना आणि मूळ गाव खाली लिहावे. किंमत विचारू नये.)